डाव्या पायातली चप्पल

पेशंट दिसण्याआधी पावलांचा आवाज आला. एक पाऊल नीट, दुसरं थपकन आपटलेलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या जिन्यावर असा आवाज आला की मी हातातलं बाजूला ठेवते. पाऊल वर उचलता येत नसलं की पाय असाच पडतो.

साठीच्या आसपासचे काका. सुभाषनगरला कोल्हापुरी चपला बनवायचं घरचंच काम. सोबत मुलगा आणि त्याच्या हातात पिशवी. काका खुर्चीत बसले नि म्हणाले, "मॅडम, आयुष्य चपला करण्यात गेलं, आन् आता माझ्याच पायातनं चप्पल गळून पडतीया. डावं पाऊल उचलंनाच झालंय."

तीन आठवडे झाले होते. मुलाने पिशवीतून ऑनलाइन मागवलेलं टेन्सचं छोटं यंत्र काढलं, कातडीवर पॅड चिकटवून दुखण्यावर हलका करंट देणारं. काकांच्या कंबरदुखीवर त्याने बरं वाटायचं, म्हणून पाय लुळा पडल्यावर तेच पॅड पावलाच्या वरच्या बाजूला चिकटवले. काही जाणवेना म्हणून रोज जोर वाढवत नेला. कातडी दोन ठिकाणी लालभडक झाली होती. मी गरम आणि गार पाण्याच्या नळ्या आलटून पालटून टेकवल्या, काकांना दोन्ही सारख्याच. बधिर कातडीवर करंट लावायचा नसतो तो याचसाठी. तिथं भाजलं तरी माणसाला पत्ता लागत नाही.

घरच्यांनी मणक्यातली नस दबली असं ठरवूनच टाकलं होतं. कंबर दुखत होतीच, त्यामुळे शंका रास्त होती. मी काकांना तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगितला. जोर पुरेपूर शाबूत. मणक्यातल्या त्या नसेचा दोष असता तर सहसा इथंही जोर कमी लागतो. मग विचारलं, गेल्या महिन्यात काम कसं होतं? लग्नसराईची मोठी ऑर्डर होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत मांडी घालून, रापी आणि आरी घेऊन बसलेले. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्याच्या खालून पेरोनियल नस अगदी कातडीलगत वळसा घेते. मांडी घातली की ती दबते.

आता खरा प्रश्न होता, नस नुसती अडली आहे की आतून तुटली आहे? मी फॅराडिक यंत्र ओढलं, करंटने स्नायू हलवणारं. टेन्सचं मुख्य काम दुखणं झाकायचं. साधारण 100 हर्ट्झच्या बारीक स्पंदनांनी स्पर्शाच्या नसा जाग्या ठेवायच्या, म्हणजे मज्जारज्जूत वेदनेचा निरोप मागे पडतो. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली मांडलेलं 'गेट' ते हेच. जोर वाढवला तर टेन्सनेही स्नायू फडफडतो, नाही असं नाही. पण काकांना पायात दुखत नव्हतंच. फॅराडिकमध्ये स्पंदनं जास्त रुंद असतात आणि जोर लाटेसारखा चढवता-उतरवता येतो. त्यात स्नायू आवळतो, सैलावतो. मात्र त्यालाही जिवंत नस लागते. नस मेलेली असली तर शंभरेक मिलिसेकंदांचा लांब गॅल्व्हॅनिक, म्हणजे एकाच दिशेच्या करंटचा, झटका द्यावा लागतो आणि स्नायू गांडुळासारखा सावकाश सरकतो.

आधी गुडघ्याच्या मागे, दाबाच्या वरच्या बाजूला यंत्राचा करंट देणारा पेन टेकवला. पाऊल ढिम्म. मग हाडाच्या टोकाच्या खाली. जोर चढवत गेले आणि पाऊल टपकन वर आलं. अंगठासुद्धा.

काका पायाकडे बघतच राहिले. "मी नाही उचलला वो!"

मला मात्र हायसं वाटलं. नस तुटली असती तर तीन आठवड्यांत खालचा भाग मरून गेला असता आणि फॅराडिकला तो बोललाच नसता. इथं फक्त वाट अडली होती. तरी नुसत्या माझ्या पेनवर भिस्त नको, म्हणून नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेतून निरोप कसा जातो त्याची तपासणी, आणि साखर बघायला पाठवलं. साखर ठीक निघाली, अडथळा गुडघ्याजवळच दिसला.

मुलगा विचारत होता, "शेजाऱ्यांना चार पॅडची मोठी मशीन लावत्यात, ती बसवा की." ती आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी, दुखण्यावरचीच. 4000 आणि 4100 हर्ट्झचे दोन प्रवाह आडवेतिडवे सोडतात. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर लागल्या की लाट उठते, तशी शरीरात 100 ची लाट उठते. कातडीला टोचत नाही, म्हणून पेशंट खूश असतात. खरं सांगायचं तर अनेकदा मीही ती लावते, कारण यंत्र लावल्याशिवाय पेशंटला फी दिल्यासारखं वाटत नाही. पण लुळ्या पावलाला तिचा उपयोग नव्हता.

मांडी घालून बसणं बंद केलं, पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट दिला. रोज थोडा वेळ फॅराडिक, आणि झटक्यासोबत स्वतःही पाऊल उचलायचा प्रयत्न. सहाव्या आठवड्यात जिन्यावरचा थपका गेला. काका आता स्टुलावर बसून चपलांची वेणी घालतात, अजून कुरकुरत.

परवा आले, पाऊल दोनदा उचलून दाखवलं आणि लगेच पालथे झोपले. "आता तेवढी कमरंला मुंग्यांची मशीन लावा की मॅडम."