शहाण्णव तोंडांची भिंत

"ताई, तुमच्या भिंतीत अळ्या झाल्यात."

ऑगस्टातली सकाळ, सव्वानऊची वेळ, आणि फोनवर माझे एक गिऱ्हाईक काका. मी दुसऱ्या साइटवर बाटल्यांची लेबलं सोड्याच्या पाण्यात सोडत बसले होते. भिंतीत अळ्या म्हणजे काका वाळवीबद्दल बोलत असतील असं समजून मी म्हणाले, "काका, त्या भिंतीत लाकूडच नाही."

"लाकूड नाही, बाटल्या आहेत ना! आरोग्य विभागाच्या ताई आल्यात. तुम्ही स्वतः येऊन बघा."

एप्रिलमध्ये तळेगाव दाभाड्याला या काकांच्या बंगल्यात मी ती भिंत बांधून घेतली होती. पाण्याची टाकी झाकायला सहा फूट लांब, चार फूट उंच, नऊ इंची विटांचं बांधकाम, आणि त्यात आडव्या घातलेल्या बिअरच्या शहाण्णव बाटल्या. बूड व्हरांड्याकडे, तोंड मागे, पश्चिमेला. संध्याकाळी ऊन मागून शिरलं की व्हरांड्यातून तपकिरी आणि हिरवी वर्तुळं पेटल्यासारखी दिसायची. काकांना ते फार आवडलं होतं. "तळेगावात काचेचीच भिंत शोभते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यात अभिमान होताच, पण तथ्यही होतं: माणसामागे एक पैसा गोळा करून उभा केलेला पैसा फंडाचा काच कारखाना इथे १९०८ साली निघाला. बाटल्या मात्र मी पुण्यातून कचरावेचक बायांकडून आणल्या. कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत या त्यांच्या संघटनेच्या नावातच काच आहे.

मी पोचले तेव्हा ताई भिंतीमागे उकिडव्या बसल्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. शेजारच्या गल्लीत डेंग्यूचा रुग्ण सापडला होता, म्हणून घरोघर सर्वेक्षण चालू होतं. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचं टायर हे सगळं बघून झालं होतं. भिंतीवरून जाता जाता त्यांनी सहज एका तोंडात टॉर्च घातला होता.

"तुम्ही पुढे जा, मी इथून उजेड मारते," त्या म्हणाल्या.

मी पुढे जाऊन उभी राहिले. ज्या वर्तुळांचे मी डझनावारी फोटो काढले होते, त्यांतलं खालच्या ओळीतलं एक हिरवं वर्तुळ उजळलं आणि आत बारीक काळ्या रेघा झटके देत खाली पळाल्या. थोड्या वेळाने एकेक करत परत वर आल्या आणि डोकं खाली, शेपूट वर करून लटकल्या. सावलीमुळे त्या होत्या त्यापेक्षा मोठ्या दिसत होत्या. काकू शेजारीच उभ्या होत्या. त्या "शी!" म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्या एका अक्षराने मला जेवढं लागलं तेवढं काकांच्या पुढच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने लागलं नाही.

आडव्या बाटलीत पाणी राहीलच कसं? मी आणि आमचे मिस्त्री दोघंही त्या दिवसापर्यंत असंच धरून चाललो होतो. उभी बाटली पाणी साठवते, आडवी साठवत नाही. मग मी पट्टी घेतली. बाटलीचा घेर आतून जवळजवळ सात सेंटीमीटर रुंद आणि तोंडाचं भोक जेमतेम दोन. भोक मधोमध. म्हणजे भोकाच्या खालच्या काठापर्यंत अडीच सेंटीमीटर पाणी बिनबोभाट बसतं, ओघळून जायला वाटच नाही. आणि पाणी आलं कुठून? तळेगावचा पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो. ज्या बाजूने ऊन यावं म्हणून तोंडं तिकडे केली, त्याच बाजूने पाऊसही आला. तोंडाकडे चांगला तीव्र उतार दिला असता तर पाणी आपोआप गळून गेलं असतं. मिस्त्रींनी मात्र ओळंबा लावून, लेव्हल बघून, एकेक बाटली अगदी आडवी बसवली होती. इतकं चोख काम असं अंगाशी आलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

बरं, तोंडं उघडी का ठेवली? तर "बंद बाटली उन्हात फुटते" हे या धंद्यात सगळे म्हणतात म्हणून. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगायचे. त्या दुपारी पहिल्यांदा हिशोब केला. सत्तावीस अंशांवर बंद केलेली हवा साठ अंशांपर्यंत तापली, तर दाब वाढतो अकरा टक्के. बिअर भरलेली असताना हीच बाटली आतून वातावरणाच्या दुप्पट-अडीचपट दाब झेलत असते. म्हणजे धड बाटली त्याने फुटायची नाही. तडा गेलेली फुटेल, पण तशी भिंतीत घालायचीच कशाला?

"पाणी काढून टाकलं की झालं ना?" मी विचारलं.

"नाही हो मॅडम," ताई म्हणाल्या. "या डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वर, काचेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी आलं की आठ-दहा दिवसांत डास." औषध टाकायला त्या तयार होत्या, पण शहाण्णव बाटल्यांत दर आठवड्याला थेंब टाकत कोण बसणार? मार्ग एकच उरला: कोरडं करायचं आणि बुचं मारायची.

मिस्त्री अकराला आले. माशांच्या टाकीची नळी आणि मोठी सिरिंज एवढ्यावर काम सुरू केलं. एकेचाळीस बाटल्यांत पाणी निघालं. ते गटारात ओतायचं नाही, कोरड्या मातीवर ओतायचं, असं ताईंनी बजावलं होतं; पावसाळ्यात कोरडी माती शोधायला आम्ही शेवटी गाडीच्या शेडमध्ये गेलो. मग काकूंचं केस वाळवायचं यंत्र लांब वायरीवर जोडून एकेक तोंड वाळवलं. त्यांनी ते स्वतःहून आणून दिलं, पण परत नको म्हणाल्या. नंतर रबरी बूच आणि वरून एमसील. पावसाळी हवेत कितीही वाळवलं तरी ओल राहतेच. सात-आठ बाटल्या आजही सकाळी आतून धुरकट दिसतात, आणि काका मला तसे फोटो पाठवतात.

साडेपाचपर्यंत पंच्याण्णव तोंडं बंद झाली. वरच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात मिस्त्री थबकले.

"ताई, हिला कुणी बूच मारलं?"

तोंडात तांबड्या मातीचा गोळा होता, कडेपर्यंत लिंपलेला, घट्ट. पुढून टॉर्च मारला तर आत ठणठणीत कोरडं. कुंभारीण माशीने कधीतरी उन्हाळ्यातच घर केलं असावं. मिस्त्रींच्या हातात एमसीलचा शेवटचा तुकडा मळून तयार होता. त्यांनी तो पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात टाकला.