तुम्ही विचारलंत म्हणून : कॉफी समोर ठेवून मी का थांबते?

"अगं, निवतेय ती, पी ना!" हे मला ऑफिसात, माहेरी, पुण्यात एफसी रोडवर वैशाली हॉटेलात बसले तरी ऐकायला मिळतं आणि मागोमाग प्रश्न येतोच, तुला गरम कॉफी आवडत नाही का? आवडते हो, खूप आवडते. पण कडकडीत गरम प्यायली की चटका कळतो, कॉफी कळत नाही, म्हणून थांबते.

कॉफी करायला पाणी साधारण ९० ते ९६ डिग्रीचं लागतं, त्याहून बरंच गार असेल तर पावडरीतून अर्क नीट उतरत नाही. पण ते झालं करायचं तापमान, प्यायचं वेगळं. ७०च्या वर असताना आपण फुर्र करून घोट ओढतो आणि पटकन गिळून टाकतो, तेवढ्यात जिभेला काय कळणार? वास मात्र तेव्हाच सगळ्यात जोरात येतो, कारण गरम असताना वासाचे घटक भराभर उडतात. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं मी नुसता वास घेते.

खरी मजा ६०च्या खाली. घरी मी चिकमगळूरच्या अरेबिका जातीच्या बियांची काळी कॉफी करते, साखर न घालता. सुरुवातीला फक्त भाजल्याचा कडवटपणा लागतो, मग जरा निवली की संत्र्याच्या सालीसारखा आंबटपणा पुढे येतो आणि अगदी कोमट झाल्यावर मागे गुळचट चव रेंगाळते, तीसुद्धा कपात काहीही न घालता! आणि बिया जास्त भाजलेल्या असतील तर तेही याच वेळी उघडं पडतं, राखेसारखी चव येते. कॉफी चाखणं हेच ज्यांचं काम आहे ते लोक कपिंग करताना, म्हणजे चाखून मार्क देताना, पहिला घोट ७१ डिग्रीच्या आसपास घेतात आणि गोडव्याचे मार्क कप ३७-३८पर्यंत उतरल्यावर देतात, ते उगाच नाही.

मात्र फार गार झाली तरी गोडवा कमी कळतो. गोड चव मेंदूपर्यंत पोचवण्यात जिभेच्या पेशींतल्या टीआरपीएम५ नावाच्या वाहिनीचा, म्हणजे संदेश पुढे जाऊ देणाऱ्या सूक्ष्म दाराचा, हात असतो आणि १५ ते ३५ डिग्रीच्या दरम्यान ऊब वाढते तशी ती जास्त जोरात काम करते, हे २००५मध्ये संशोधकांनी दाखवलं. कोल्ड कॉफीत साखर जास्त लागते ती यामुळेच, आणि वितळलेलं आइस्क्रीम जास्त गोड लागतं तेही यामुळेच.

फिल्टर कॉफीवाल्यांना हे न सांगता माहीत होतं असं मला मनापासून वाटतं. टंबलरमधून डबऱ्यात (खालच्या पसरट वाटीत), डबऱ्यातून टंबलरमध्ये अशी उंचावरून ओतली की फेस तर येतोच पण तापमानही झपकन उतरतं, पिण्याजोगं होतं. दुधाचंही तेच, ६०-६५पर्यंत तापवलेलं दूध छान गोडसर लागतं, पुन्हा पुन्हा उकळलं की तो उकळल्याचा वास येतो आणि कॉफी दबते.

माझ्या सासूबाईंना मात्र वाफाळतीच लागते, त्यांना मी गॅसवरून उतरवून लगेच देते. फक्त एवढं सांगते की आई, दोन मिनिटं थांबा, कारण ६५ डिग्रीच्या वरची कुठलीही पेयं नेहमी पिण्याचा संबंध अन्ननलिकेच्या कॅन्सरशी असू शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६मध्ये म्हटलंय. दोष कॉफीचा नाही, तापमानाचा.

पुढचा प्रश्न ठरलेला, मग अगदी गारच झाली तर परत गरम करतेस का? अजिबात नाही! वास आधीच उडून गेलेला असतो, तो गरम करून परत येत नाही. आणि मशीनच्या तव्यावर तासन्‌तास तापत ठेवलेली कॉफी तर आंबट-कडू होतेच, कारण उष्णतेने आतली आम्लं बदलत राहतात. काळी असेल तर मी गारही आवडीने पिते. दुधाची असेल तर मात्र वर साय धरायच्या आत संपवते.