पाच मिनिटं

परवा दुपारी अडीचचा अलार्म वाजला, पहिला थेंब घातला, डोळे मिटले आणि मिनिटभरात घशात ती ओळखीची कडू चव उतरली. म्हणजे बोट चुकलं होतं.

ज्यांना काचबिंदूसाठी डोळ्यात थेंब चालू आहेत त्यांना कळलंच असेल मी काय म्हणतेय. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, पापणीच्या कडेवर एक बारीकसं भोक असतं, अश्रूंच्या मोरीचं तोंडच म्हणा ना, तिथून सगळं नाकात आणि नाकातून घशात जातं. रडलं की नाक का वाहतं याचं उत्तर मला पन्नाशी उलटल्यावर असं मिळालं. तर थेंब घातला की डोळे हलके मिटायचे आणि त्या कोपऱ्यावर बोट दाबून एक-दोन मिनिटं गप बसायचं, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं, अंगभर फिरायला जात नाही. आणि ते फिरायला जाणं काही गमतीचं नसतं. मला दमा आहे म्हणून डॉक्टरांनी टिमोलॉल दिलंच नाही, त्याचा डोळ्यातला थेंबसुद्धा श्वास अडकवू शकतो म्हणे, काहींच्या हृदयाचे ठोके मंद करतो. एवढासा थेंब! मी आपली त्यांना सहज म्हणाले होते की डोळ्याच्या औषधाला दम्याशी काय करायचंय. त्यांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं माझ्याकडे की पुढे सगळ्या गोळ्यांची यादी मी न मागता वाचून दाखवली.

तर माझे दुपारचे दोन. आधी डॉर्झोलामाइड, तेच ते कडू, मग पाच मिनिटं थांबून ब्रिमोनिडिन. रात्री लॅटानोप्रोस्ट वेगळं. मधली पाच मिनिटं थांबायचं कारण साधं आहे, लगेच दुसरा घातला तर पहिला धुऊन निघतो. सुरुवातीला मी ती पाच मिनिटं सरळ खायचे, दीड मिनिटात दुसरी बाटली हातात. आता टायमर लावते. आणि एका वेळी एकच थेंब. पहिले काही महिने मी खात्रीसाठी दोन-दोन घालायचे, गालावरून ओघळायचे, कुणी आलं तर विचारायचं की काय झालं, रडतेयस का. एका थेंबात साधारण 30 ते 50 मायक्रोलिटर औषध असतं आणि डोळ्यात मावतं जेमतेम 30च्या आसपास, म्हणजे पहिलाच थेंब पूर्ण मावत नाही तर दुसरा जाणार कुठे, गालावर!

मजा बघा, आपल्या भाषेत बिंदू म्हणजे थेंबच. काचबिंदूवर थेंब. लोकांना मात्र अजून तो आणि मोतीबिंदू एकच वाटतो, 'ऑपरेशन करून टाक की एकदाचं, लगेच लख्ख दिसेल'. मोतीबिंदूचं तसं आहे खरं, गढूळ भिंग काढलं, नवं बसवलं, झालं. इथे डोळ्यातला दाब मागच्या नसेला हळूहळू मारत असतो आणि जे गेलं ते परत येत नाही, ऑपरेशननेही नाही, थेंबांनीही नाही. थेंब घालायचे ते उरलेलं राखायला. त्यामुळे या औषधाचं काही कौतुकच वाटत नाही. डोकं दुखलं, गोळी घेतली, थांबलं, असं काही होत नाही. घातला तरी तसंच दिसतं, नाही घातला तरी तसंच दिसतं. उलट घातल्यावर चुरचुरतं. वर्षभर नेमाने थेंब घालून गेलं की डॉक्टर रिपोर्ट बघून खूश होऊन सांगतात, 'काहीच बदल नाही!' आणि आपणही पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने बाहेर येतो.

लॅटानोप्रोस्टने मात्र एक दिसण्यासारखी गोष्ट केली, पापण्यांचे केस लांब आणि दाट केले. गंमत नाही, तो त्याचा ठरलेला साइड इफेक्ट आहे, बुबुळाचा रंगही गडद होऊ शकतो. वहिनी मागच्या वेळी भेटली तेव्हा बराच वेळ माझ्याकडे बघत होती, शेवटी राहवलं नाही, 'मस्कारा कुठला गं?' मी म्हटलं रात्री दहाचा.

पण मी बोलत होते बोटाचं. आमच्या घरात थेंब घालायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं, आजोबांचे. त्यांना पायलोकार्पिन होतं, दिवसातून चार वेळा, त्याने त्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक व्हायच्या आणि संध्याकाळी दिवा लावलेला असला तरी ते 'दिवा लावा रे कुणीतरी' म्हणायचे. ते खाटेवर आडवे व्हायचे, मी उशाशी गुडघ्यांवर उभी. काचेची बाटली, रबराची टोपी असलेला ड्रॉपर. खालची पापणी बोटाने ओढायची म्हणजे छोटा खिसा तयार होतो, आजोबा वर आढ्याकडे बघणार, आणि मी श्वास रोखून, एक डोळा मिटून, नेम धरून. 'मारू नकोस गं, सोड नुसता,' ते दर वेळी म्हणायचे. कधी नाकावर पडायचा, कधी भुवईवर. कितीदा तरी ड्रॉपर त्यांच्या पापणीला चिकटायचा, मग मी तो फ्रॉकच्या टोकाला स्वच्छ पुसायचे आणि परत बाटलीत बुडवायचे! त्या फ्रॉकने मी सकाळपासून काय काय पुसलेलं असायचं देव जाणे. आता माझ्या बाटलीचं टोक पापणीला नुसतं लागल्याचा भास झाला तरी मला ते फ्रॉकचं टोक आठवतं, आकाशी रंगाचं, घामट.

त्याची भरपाई म्हणून की काय, मी आता जरा जास्तच करते असं घरच्यांचं म्हणणं आहे. बाटली फोडली की तिच्यावर मार्करने तारीख घालते, माझ्या बाटल्या चार आठवड्यांच्या, त्यानंतर आत थेंब खुळखुळत असले तरी बाटली कचऱ्यात. फेकताना हात कचरतो, खोटं का बोलू, उजेडात धरून किती राहिलंय ते बघतेच. पण फेकते. दुसऱ्याचे थेंब घेत नाही, जुने घालत नाही. मागे डोळा लाल झाला होता तर एक मैत्रीण स्वतःच्या उरलेल्या थेंबांची बाटली घेऊन आली, प्रेमानेच, वाचून बघितलं तर स्टेरॉइड. त्याने दाब वाढतो, माझ्यासारखीला तर विषच. आणि एखादा थेंब विसरला तर आठवल्यावर घालते, पुढच्याची वेळच आली असेल तर तो एकच, मागची उधारी फेडायला दुप्पट घालायचं नाही.

आजोबा विसरायचे नाहीत, टाळायचे. आजीला 'घातला, घातला' म्हणायचे आणि माझ्याकडे बघून गप्प राहायची खूण करायचे. चार वेळा डोळा जळायचा, कपाळ दुखायचं, आणि मिळायचं काय तर अंधार. त्यांचंही चुकत नव्हतं फार. पेपर तर ते शेवटपर्यंत वाचायचे.

परवा बोट दाबून बसले होते तेव्हा आठवलं ते वेगळंच. आमचा एक खेळ होता, माझा आणि त्यांचा. मी चोरपावलांनी येऊन खाटेवर त्यांच्या डाव्या अंगाला बसायचे, अगदी खेटून, आणि ते पेपर वाचतच राहायचे. मी तोंड दाबून हसायचे, हात हलवायचे, तरी नाही. मग एकदम 'भॉ!' आणि ते असे दचकायचे की पेपर खाली. घरातले सगळे हसायचे, आजोबाही. मला वाटायचं किती छान सोंग करतात. उजवीकडून गेलं की मात्र लगेच पकडायचे, मग मी डावीकडूनच जायला लागले.

मागच्या महिन्यात माझी फिल्ड टेस्ट झाली, नजर कुठे कुठे उरलीय ते बघायची. वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून समोरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. मी मुलाखतीला बसल्यासारखी भरभर दाबत होते, काही तर न दिसताच. कागद हातात आला, त्यावर डाव्या बाजूला वर एक काळा डाग. पण मला तिथे काळं दिसत नाही हो. तिथे काही कमी आहे असंच वाटत नाही, मेंदू आपला आजूबाजूचं ओढून ठिगळ लावतो आणि चित्र पूर्ण दिसतं. डावीकडे कुणी बसलेलं नाही असंच दिसत असणार.

टायमरला अजून तीन मिनिटं होती. मी दादाला फोन लावला. म्हटलं डोळ्यांचं प्रेशर तपासलंस का, आजोबांना होतं, मला निघालं, सख्ख्या भावंडांत होण्याची शक्यता जास्त असते, नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नकोस, मागची नस बघायला सांग.

'मला काय धाड भरलीय? बारीक अक्षर वाचतो मी अजून.'

'समोरचं नाही रे दादा, कडेचं.'

'कडेचं म्हणजे?'

टायमर वाजला. मी फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला, आणि दुसरी बाटली उघडली. 'हॅलो? अगं कडेचं म्हणजे कसलं?' तो विचारतच होता.