नववी, दुसऱ्यांदा

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मला हासूच आलं, नववीत दोनदा बसलेल्या माणसाचं मनोगत कोण वाचणार! तरी लिहितो.

2010 चा जून. सोबतची पोरं दहावीत गेली आन् मी परत त्याच बाकावर, ज्याच्यावर कर्कटकानं माझंच नाव कोरलेलं. दादा, म्हणजे माझे वडील, उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर, ते काहीच बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मधल्या सुट्टीत मी चर्चच्या मागं लिंबाखाली एकटाच डबा खायचो.

दिवाळीच्या आधी सिस्टरनी (शाळेतल्या नन, मूळच्या केरळच्या, पण 'काय करायलास रे' असं पक्कं आपल्याकडचं बोलायच्या) वर्गात एका पोरीचा फोटो आणला. कियारा बदानो. इटलीतल्या सास्सेल्लो गावची, 1971 चा जन्म, आईबापाला अकरा वर्षांनी झालेलं एकुलतं लेकरू. 25 सप्टेंबरला रोमला तिला धन्य घोषित केलं होतं, म्हणजे कॅथलिक लोकांत संतपदाच्या आधीची पायरी. मला वाटलं झालं, आता प्रवचन. तर सिस्टर म्हणल्या, हिचे वडील ट्रक ड्रायव्हर होते आणि ही शाळेत एकदा नापास झालती. सगळ्या वर्गानं वळून माझ्याकडंच बघितलं.

टेनिस खेळताना कियाराच्या खांद्यात कळ आली, तपासलं तर हाडाचा कॅन्सर. 17 वर्षांची पोर. घरी आली, आईला म्हणली आत्ता काही बोलू नको, आन् कॉटवर पडून राहिली. पंचवीस मिनिटं. मग आईकडं बघून हासली, ती शेवटपर्यंत हासतच राहिली. केस गळाले की प्रत्येक बटेला म्हणायची, येशू, हे तुझ्यासाठी. मॉर्फिन नको म्हणायची, शुद्ध जाते म्हणून. पुरताना घालायला नवरीसारखा पांढरा ड्रेस शिवून घेतला आन् मैत्रिणीला अंगात घालून बघायला लावला. 7 ऑक्टोबर 1990 ला गेली, डोळे दान करून, आणि जाताना आईलाच सांगून गेली की खुश राहा, मी खुश आहे.

आमच्या घरी माळ. हासत निरोप घेणं बीजेच्या कीर्तनात दरवर्षी ऐकायचो, पण ते तुकोबा, त्यांची गोष्टच वेगळी. ही तर आमच्यातलीच, नापास.

मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, सिस्टर, त्या पंचवीस मिनिटात ती रडली असंल का? सिस्टर जरा थांबून म्हणल्या, ते तिला आन् येशूला माहीत, आपण दार लोटून बाहेर थांबायचं.

पुढं बऱ्याच वर्षांनी दादांचा रिपोर्ट घ्यायला संभाजीनगरला गेलतो. गाडीत बसल्यावर दादा म्हणले, थांब, चालू करू नको, बोलू पण नको. मी गुपचूप घड्याळ बघितलं, खोटं कशाला सांगू. पंचवीस मिनिटं कसली, तास उलटून गेला. मग काच खाली करत म्हणले, चल, चहा पिऊ, साखर जास्त टाकाय सांग. शुगरमुळं दोन वर्षं झाली होती, माणूस बिनसाखरेचाच पीत होता.