सुकाणूला मिशा

दुपारी तीनच्या सुमारास डीटीपीवाल्या काकांचा फोन आला. "ताई, पान ४७ वर सुकाणूला भुवया आहेत. मिशाही आहेत. असंच सोडू?"

संध्याकाळी माझ्या अनुवादाची फाईल छापखान्यात जायची होती, आणि करामत माझीच. पुस्तक मुळात इंग्रजी. प्रकरण सटन हूचं. इंग्लंडात सफोकमध्ये १९३९ साली एका मातीच्या टेकाडाखाली सातव्या शतकातलं जहाज सापडलं, कुणा बड्या असामीसोबत पुरलेलं. लांबी सुमारे २७ मीटर. लाकूड कुजून गेलेलं, वाळूत उरला होता नुसता ठसा आणि लोखंडी रिबिटांच्या रांगा. आत एक शिरस्त्राण, पाचशेहून जास्त तुकडे झालेलं. त्याच्या मुखवट्यावर खरोखरच भुवया नि मिशा आहेत. मूळ लेखक मात्र जहाजाच्या सुकाणूलाही 'हेल्म' म्हणतो आणि डोक्यावरच्या शिरस्त्राणालाही 'हेल्म'. मी खर्ड्यात शब्द तसाच ठेवला होता. आदल्या रात्री झोपेच्या तारेत 'रिप्लेस ऑल' मारलं. तेवीस ठिकाणी सुकाणू!

कोश काढून बसले. हे मुळात दोन वेगळे शब्द. जुन्या इंग्रजीत डोक्यावरचं 'हेल्म' आणि नावेवरचं 'हेल्मा'. पुढे शेवटचा स्वर झडला आणि दोघं जुळ्यांसारखे दिसू लागले. पहिल्याच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ. आपली 'शाला'ही त्याच कुळातली, असं काही भाषाभ्यासक मानतात. 'हेल्मेट' हे त्याचंच फ्रेंचातून फिरून आलेलं धाकटं रूप. दुसऱ्याचा अर्थ मूठ, दांडा. कुऱ्हाडीच्या दांड्याला इंग्रजीत 'हेल्व्ह' म्हणतात, तो याचा भाऊबंद. कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ म्हणतात, इथे मात्र तोच मदतीला धावला: एका वाक्यात खलाशी 'हेल्म' घट्ट धरतो, तिथे मी 'सुकाणूचा दांडा' केलं. सुकाणू पाण्यात असतं, ते तो धरणार कसं?

बाविसावी जागा दुरुस्त झाली, तेविसावीवर नुसती नजर फिरवून पुढे जाणार होते. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या काव्यातलं अवतरण होतं, त्यात डेन राजा ह्रोथगारला त्याच्या कुळाचा 'हेल्म' म्हटलंय. मी केलेलं 'कुळाचं सुकाणू' कानाला अगदी गोड लागत होतं. राज्याचं सुकाणू राजाच्या हाती, चुकलं कुठे? पण कोशात स्पष्ट होतं: हा डोक्यावरचा शब्द. राजा कुळाला दिशा देतो असं कवी म्हणतच नाहीये, राजा कुळावर आच्छादन धरतो म्हणतोय. मिशांचं सुकाणू काकांना दिसलं, हे कुणालाच दिसलं नसतं.

'कुळाचं शिरस्त्राण' लिहून पाहिलं. पत्र्याचा आवाज आला. खोडलं. मग वडील गेल्यावर आपल्याकडे काय म्हणतात ते आठवलं आणि काकांना फोन लावला.

"काका, तेविसावं 'छत्र' करा. कुळाचं छत्र."

"बरं," काका म्हणाले. "हे डोक्यावरच असतं ना? एकदा विचारून घेतो."