पॅच टाकण्याआधी दुखणं ओळखा

नव्या विंडोजवर जुना प्रोग्रॅम चालेना, की नेटवर दिसेल तो पॅच (बिघाड दुरुस्त करणारा छोटा अपडेट) टाकायची घाई होते. पण बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी ठरवायला हवं.

प्रोग्रॅम उघडताच 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल' सापडत नसल्याचा संदेश आला, तर हवंय ते व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे अशा प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक फाइलींचा मायक्रोसॉफ्टचा संच. ती एकच फाइल भलत्या साइटवरून उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकणं हा शुद्ध आगाऊपणा. विंडोज ६४-बिट असली, तरी प्रोग्रॅम ३२-बिट असेल तर त्याला या संचाची एक्स८६ (३२-बिट) आवृत्तीच लागते. बरेच जण नुसती एक्स६४ (६४-बिट) टाकतात आणि संदेश तसाच येत राहतो. प्रोग्रॅमने डॉटनेट ३.५ (प्रोग्रॅम चालवायला लागणारा मायक्रोसॉफ्टचाच आणखी एक घटक) मागितलं, तर ते 'विंडोज फीचर्स'च्या यादीत टिचकी मारून सुरू करता येतं. १६-बिट प्रोग्रॅम मात्र ६४-बिट विंडोजवर कोणत्याही अपडेटने चालणार नाही. त्याला व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) जुनी ३२-बिट विंडोज द्या.

विंडोजमधला कम्पॅटिबिलिटी मोड प्रोग्रॅमला विंडोजची आवृत्ती जुनी असल्याचं भासवतो, काही जुन्या सवयीही सांभाळून घेतो. नुसता आवृत्ती बघून अडणारा प्रोग्रॅम त्याने चालतो. ड्रायव्हरचा (प्रिंटरसारखं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घोळ मात्र त्याने सुटत नाही.

प्रोग्रॅमच्या कंपनीचा पॅच बहुधा ठरावीक आवृत्तीसाठीच असतो, म्हणून 'अबाउट'मधला आकडा जुळवून घ्या. प्रोग्रॅम बंद करा, त्याची मागे चालणारी सर्व्हिसही थांबवा. वापरात असलेली फाइल बदलता येत नाही.

विंडोजचाच पॅच हवा असेल, तर 'विनव्हर' चालवून आवृत्ती आणि बिल्ड (तिचा नेमका अंतर्गत क्रमांक) पाहा, मग मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या साइटवर त्या अपडेटचा केबी क्रमांक (मायक्रोसॉफ्टने दिलेला ओळख क्रमांक) शोधा. टाकण्याआधी रिस्टोअर पॉइंट (बिघडल्यास मागे जाता यावं म्हणून सिस्टमच्या स्थितीची नोंद) करा. त्यासाठी लागणारं सिस्टम प्रोटेक्शन अनेकदा बंदच असतं, तेही तपासा. अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही असं सांगितलं, तर आवृत्ती किंवा प्रोसेसरचा प्रकार चुकलाय, नाहीतर त्याच्या पुढचं एकत्रित अपडेट आधीच बसलंय.

८००७००७० हा एरर म्हणजे डिस्कवर जागा नाही. ८००७३७१२ आला तर विंडोजचा कम्पोनंट स्टोअर, म्हणजे सिस्टम फाइलींच्या मूळ प्रतींचा साठा, बिघडलाय. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी साठा दुरुस्त करणारी 'डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) ही आज्ञा चालवा, मग सिस्टम फाइली तपासणारी 'एसएफसी /स्कॅननाऊ' (sfc /scannow). हा क्रम उलटा करू नका, कारण एसएफसी चांगल्या प्रती त्याच स्टोअरमधून घेतं. तोच खराब असेल तर दुरुस्ती कशाच्या जोरावर करणार?

पॅचनंतर गोष्टी आणखी बिघडल्या, तर 'अपडेट हिस्टरी'तून तो काढा. मशीन सुरूच होत नसेल, तर रिकव्हरीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये शेवटचं क्वालिटी अपडेट काढायची सोय आहे. काढल्यावर काही दिवस अपडेट 'पॉज' करा, नाहीतर तोच पॅच आपोआप परत बसेल.