तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ग्लासात काय होतं?

लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, परवा तर दाढी करता करता सलूनमध्ये, एकच प्रश्न. "भाऊ, खरं सांगा, लॉकडाऊनमध्ये घरून फोनवर विनोदी लाइव्ह करायचात तेव्हा ग्लासात खरी दारू राहायची का?" उत्तराची वाट न बघता लगेच दुसरा: "मग मधेच बंद का केली?"

आधी सरळ उत्तर देतो. पहिले पाच शनिवार कोरा चहा होता. नंतरचे तीन शनिवार खरी दारू होती. त्यानंतर आजपर्यंत चहा.

आता ते तीन शनिवार. मी अमळनेरचा. अहिराणीत विनोदी एकपात्री करतो. गणपती मंडळं, हळदीच्या रात्री, शाळांची स्नेहसंमेलनं, यात्रा. माझा बेवडा आबा लोकांना ठाऊक आहे. एका हातात ग्लास, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात, आणि गावातल्या प्रत्येकाला सल्ला. लॉकडाऊनच्या आधी बारा वर्षं हा आबा केला, आणि बाराही वर्षं ग्लासात कोरा चहा. आमची खरी कमाई मार्च ते मे. लगीनसराई, मग वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा. २०२० साली २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून लॉकडाऊन, आणि दहा दिवसांत माझी तारखांची वही कोरी झाली.

४ एप्रिलला पहिलं लाइव्ह केलं. शनिवार, रात्री ९. पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. एप्रिलमधलं आमचं घर कसं तापतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. मुलांना आणि बायकोला आतल्या खोलीत बसवलं आणि बजावून सांगितलं, अजिबात आवाज करायचा नाही. त्या घरात हसू शकतील अशी तीनच माणसं होती, आणि त्यांनाच मी गप्प बसवलं होतं. हे फार उशिरा लक्षात आलं.

ज्यांनी कधी लोकांसमोर बोलून हसवलेलं नाही त्यांना ही शांतता कशी असते ते सांगायला हवं. मंडपात मी एक वाक्य टाकतो. आधी पुढच्या रांगेतली पोरं हसतात, मग बायकांमध्ये पदर तोंडावर जातात, आणि शेवटी मागे उभे असलेले गडी. ही लाट मागे पोचून परत फिरते तेवढ्या वेळात मी ग्लासातून एक घोट घेतो. पुढचं वाक्य त्या लाटेच्या उतरणीवर टाकायचं असतं. लवकर टाकलं तर बुडतं, उशिरा टाकलं तर मंडप थंड होतो. हे कुणी शिकवत नाही, कान शिकतात. फोनसमोर वाक्य टाकलं की काहीच होत नाही. पंधराएक सेकंदांनी पडद्यावर हसरे चेहरे वर सरकायला लागतात, तोवर मी पुढच्या वाक्यावर गेलेलो. मग कळेना, हे कशाला हसले? मागच्याला की आत्ताच्याला?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, २५ एप्रिलला, मी माझा सगळ्यात आवडता भाग केला. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी, आणि आबा झोक्यावर बसायचा हट्ट धरतो. त्या वर्षी कुणीच माहेरी आलेलं नव्हतं. मला वाटलं, फोनवर तरी त्यांना माहेर दाखवावं. वीस मिनिटं बोललो. बंद केल्यावर घामाने शर्ट चिकटलेला आणि कानात काहीच नाही. त्या रात्री झोप आली नाही. माणसं मरत होती, रस्त्याने चालत गावी जात होती आणि मी पिठाच्या डब्याशी बोलत होतो.

त्याच दिवसांत बाहेरचंही बघत होतो. अमेरिकेत रात्रीचे विनोदी कार्यक्रम करणारे मोठमोठे लोक घरी अडकलेले. स्टीफन कोल्बेअर १६ मार्चला सूट घालून घरच्या बाथटबमध्ये बसून बोलला. सेथ मायर्स तर पाहुण्याबरोबर बसून भरदिवसा पिण्याचा कार्यक्रम महामारीच्या आधीपासूनच करायचा. टाळेबंदीत कितीतरी विनोदवीर कॅमेऱ्यासमोर उघड ग्लास भरू लागले. आपल्याकडचेही काही. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांना काय वाटत होतं ते मला आतून कळत होतं. हशा आला नाही की ती जागा रिकामी राहते, हाताला काहीतरी लागतं, आणि घोट ती जागा भरतो.

४ मेपासून राज्यात काही ठिकाणी दारूची दुकानं उघडली, रांगांचे फोटो तुम्हीही बघितले असतील. एका मित्राने बाटली आणून दिली. मी कधीमधी घेणारा माणूस, कामावर कधीच नाही. ९ मेला म्हटलं, आज थोडी घेऊन बघू, भीड चेपेल. आणि चेपली. ती शांतता बोचेनाशी झाली. प्रतिक्रिया वाढल्या. लोक लिहायला लागले, "आज आबा जोरात!" १६ मेला दोन पेग झाले. २३ मेला किती झाले ते मोजलं नाही.

एक गोष्ट तेव्हा माहीत असून डोक्यात घेतली नाही. पोटात गेलेली दारू पूर्ण चढायला साधारण अर्धा ते दीड तास लागतो. माझं लाइव्ह पाऊण तासाचं. म्हणजे सुरुवातीला घेतलेला घोट शेवटी अंगावर येतो, आणि तोवर अजून काहीच झालं नाही असं वाटून माणूस पुढचे घोट घेत राहतो. मंडपात असं झालं असतं तर दहाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्याने तोंड फिरवलं असतं आणि मला कळलं असतं. फोन तोंड फिरवत नाही.

२३ मेच्या रात्री एका ताईंचा मेसेज आला. चोपड्याकडच्या एका खेड्यातल्या. ओळख नव्हती, पण दर शनिवारी बघायच्या. अहिराणीत एकच ओळ होती: "भाऊ, आज तू सोंग नही करी ऱ्हायंता."

मी सकाळी फोन केला. विचारलं, ताई, तुम्हाला कसं कळलं? लोक तर खूश होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही ग्लास लई जपून ठेवला." मला अर्थ लागेना. त्यांनी समजावून सांगितलं. दरवेळी आबा ग्लास हवेत फिरवतो, आता सांडेल, मग सांडेल असं वाटतं आणि थेंब सांडत नाही. काल ग्लास खाली ठेवताना मी आधी टेबलाकडे बघितलं, मग ग्लासाकडे, मग दोन बोटांनी हळूच ठेवला. "माझ्या घरी रोज असाच ठेवतात," त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, की शनिवारी त्या दोन्ही पोरांना घेऊन बघायला बसायच्या, कारण दारुड्याकडे बघून पोरं हसतात असा आठवड्यातला तो एकच तास होता. काल धाकटी उठून आत गेली.

मी रेकॉर्डिंग काढून बघितलं. ताई म्हणाल्या तसंच होतं. सोंग करणारा झिंगलेला दिसायला धडपडतो. खरा प्यायलेला माणूस शुद्धीत दिसायला धडपडतो. बारा वर्षं मी पहिला होतो, त्या रात्री दुसरा झालो होतो, आणि हजारो बघणाऱ्यांत ते ओळखलं त्या बाईने, जिला रोज ओळखावं लागतं.

जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, मुंबईत बस कंडक्टर होते. गुरुदत्तांनी त्यांना व्हिस्कीवरून नाव दिलं. पडद्यावर दारुडा करावा तर त्यांनीच, आणि हा माणूस दारू पीत नसे. अमेरिकेत दारुड्याचं सोंग करणाऱ्या गायक-नट डीन मार्टिनच्या हातातल्या ग्लासात बहुतेकदा सफरचंदाचा रस असे. हे किस्से मी पूर्वीही सांगायचो, गंमत म्हणून. आता मला त्यात कामाची शिस्त दिसते. दारुड्याला लोक हसतात, कारण आत एक शुद्धीतला माणूस उभा आहे याची त्यांना खात्री असते. त्या खात्रीवरच त्या ताईंची पोरं हसत होती.

दारू वाईटच, असं मी म्हणत नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात कार्यक्रमाला गेलो की मोहाची समोर येते. आधी जमिनीवर थोडी सांडतात, देवाची, पूर्वजांची, मग फिरते. चार माणसं गोल बसलेली असतात, एकमेकांकडे बघत. आणि याच महाराष्ट्रात बायकांनी उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान मागून घेतलंय, गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. आमच्या भागातल्या बायका किती पिढ्या हे सोसतायत ते मला माहीत होतं, माझा आबा त्यांच्यामुळेच चालला. मग त्यांच्याच घरात, त्यांच्या पोरांसमोर, फोनमधून मी आणखी एक दारुडा पाठवला. याचं मला आजही वाईट वाटतं आणि वाटलंच पाहिजे.

३० मेला लाइव्ह सुरू करण्याआधी ते तीन व्हिडिओ काढून टाकले. आतल्या खोलीचं दार उघडलं, बायको-मुलांना फोनच्या मागे चटईवर बसवलं, म्हटलं, हसू आलं तर हसा, नाही आलं तर नका हसू. आबाचा झोका पुन्हा केला. मुलगा मधेच खो खो करून हसला, तो आवाज फोनमध्ये गेला. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी माझा घोट बरोबर जागेवर पडला.

मंडप परत भरायला लागल्यापासून मी एक नवीन गोष्ट करतो. आबा सुरू करायच्या आधी खाली उतरतो आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या पोराच्या हातात ग्लास देतो. काही मंडळवाले म्हणाले, भाऊ, असं कशाला, मजा जाते. मजा जात नाही. पोरगा नाक घालून वास घेतो, एक घोट चाखतो, मग मागे वळून सगळ्या मंडपाला ओरडून सांगतो, "चा शे! कोरा चा शे!" आणि मी धोतराचा सोगा धरून पहिलं पाऊल वाकडं टाकतो.